महाबळेश्वर-पाचगणीत वाजवी दरात खोली कशी मिळवावी : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

साताऱ्यात घर असले की एप्रिल उजाडताच फोन सुरू होतात. "तुम्ही तिथलेच, तुमच्या ओळखीने एखादी खोली बघा ना," असे सांगणाऱ्यांत सांगलीचे नातेवाईक असतात, पुण्याचे जुने सहकारी असतात आणि वर्षभर ज्यांचा पत्ता नसतो असे वर्गमित्रही असतात. ओळखीचा महाबळेश्वरात फारसा उपयोग होत नाही, हे कबूल करणे मला सुरुवातीची काही वर्षे जड गेले. मे महिन्यातल्या शनिवारी हॉटेलवाला सख्ख्या भावालाही दर सोडत नाही, कारण तीच खोली घेणारे दुसरे गिऱ्हाईक दारात उभे असते. उपयोग होतो तो तारखांच्या निवडीचा, त्यानंतर ठिकाणाच्या निवडीचा आणि शेवटी फोनवर नेमके प्रश्न विचारण्याचा. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात. ते आधी छायाचित्रे पाहून हॉटेल पक्के करतात, मग रजा मिळेल त्या तारखा कळवतात आणि दर ऐकल्यावर घासाघीस करायला बसतात. तोवर वाचवण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

पहिली पायरी : तारखा

महाबळेश्वरच्या हॉटेलांचे वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा वेगळे चालते. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मृगाचा पाऊस लागेपर्यंत उन्हाळी हंगाम असतो आणि त्यात वारांचा फरकही जवळजवळ पुसला जातो, कारण शाळांना सुट्ट्या असल्याने सोमवार-मंगळवारीही खोल्या भरलेल्या असतात. दुसरा मोठा हंगाम दिवाळीचा. पण तो आपल्या दिवाळीशी तंतोतंत जुळत नाही. गुजराती व्यापारी कुटुंबे पाडव्यानंतर बाहेर पडतात आणि लाभपंचमीला दुकाने पुन्हा उघडेपर्यंत फिरतात, त्यामुळे आपण भाऊबीज आटोपून निवांत निघावे म्हणतो नेमके तेव्हा दर सर्वांत चढलेले असतात. तिसरा हंगाम नाताळापासून नववर्षाच्या पहिल्या एक-दोन दिवसांपर्यंतचा. याशिवाय शुक्रवारला किंवा सोमवारला जोडून आलेली कोणतीही सुट्टी हा एक छोटा हंगामच समजावा.

या चार गोष्टी वहीत मांडल्या की मोकळे दिवस आपोआप दिसू लागतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दोन-अडीच आठवडे, तुळशीचे लग्न झाल्यापासून साधारण २० डिसेंबरपर्यंतचा काळ, २६ जानेवारीची जोडसुट्टी वगळून उरलेला जानेवारी, आणि शाळांच्या परीक्षांच्या धास्तीने कुटुंबे घरीच बसतात तो फेब्रुवारी-मार्च. यांतला शेवटचा काळ माझ्या विशेष आवडीचा आहे, कारण तेव्हा थंडी सोसवेल इतकी उतरलेली असते आणि स्ट्रॉबेरीचा हंगामही चालू असतो. ज्यांची मुले लहान आहेत, किंवा ज्यांच्या घरातील दहावी-बारावीची वर्षे मागे सरली आहेत, त्यांनी या दिवसांचा जरूर विचार करावा.

आठवड्यातील वारांचा परिणाम तर कोणत्याही सवलतीच्या कूपनपेक्षा मोठा असतो. बाजारपेठेजवळच्या एका मध्यम हॉटेलात शनिवारी साडेपाच हजार सांगितलेली खोली त्याच आठवड्याच्या मंगळवारी तीन हजार दोनशेला मिळाल्याची नोंद माझ्याकडे आहे, आणि दोन्ही वेळा फोनवर बोलणारे गृहस्थ एकच होते. सर्वांत दुर्लक्षित रात्र रविवारची. रविवारी दुपारपर्यंत मुंबई-पुण्याच्या गाड्या घाट उतरू लागतात आणि हॉटेल रिकामे होते. सातारा, कराड किंवा सांगलीहून येणाऱ्याने रविवारी जेवून निघावे, संध्याकाळी मोकळ्या बाजारपेठेत फिरावे आणि सोमवारची एक रजा टाकावी, म्हणजे एका रात्रीचा मुक्काम निम्म्याच्या आसपास पैशांत पदरात पडतो. सातारा ते महाबळेश्वर हे अंतर मेढा-केळघर मार्गाने ५५ किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे जवळच्यांना ही सोय मुंबईकरांपेक्षा कितीतरी अधिक सहज साधते. आणि आश्चर्य असे की तिचा फायदा आपणच सर्वांत कमी घेतो.

पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात दर खाली येतात हे खरे. पण धुक्यात पॉइंट दिसत नाहीत, वेण्णा तलावातील नौकाविहार बंद असतो आणि केळघर किंवा आंबेनळी घाटात दरड आली की वाट बदलावी लागते. केवळ धुके, पाऊस आणि गरम मक्याचे कणीस एवढ्यासाठी जाणाऱ्यांनी आठवड्याच्या मधल्या वारी अवश्य जावे. शनिवार-रविवारी मात्र पावसाळी सहलींची झुंबड असते आणि दरही तसेच असतात. काही वर्षांपूर्वी १५ ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत, "पावसाळ्यात कोण येतंय," अशा भ्रमात मी खोली न ठरवता गेलो होतो. संध्याकाळी सातला, धो धो पावसात, चौथ्या ठिकाणी एक खोली मिळाली. तिच्या खिडकीखालची भिंत बोट लावले तर ओली लागत होती, पांघरुणाला कुबट वास होता आणि पैसे मात्र मे महिन्याचे मोजावे लागले.

दुसरी पायरी : नेमके कुठे राहायचे

"महाबळेश्वरातील हॉटेल" असे म्हणून जी यादी समोर येते, तीत प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळी ठिकाणे एकत्र मिसळलेली असतात. एसटी स्थानक आणि साबणे रस्त्यालगतच्या बाजारपेठेत राहिले तर संध्याकाळी गाडी काढावी लागत नाही आणि जेवणाला निवड भरपूर असते. मात्र खोल्या लहान असतात, वाहनतळ तोकडा असतो आणि त्याच पैशांत मिळणारी मोकळी जागा कमी असते. एसटीने येणाऱ्यांनी आणि वृद्धांना बरोबर घेऊन जाणाऱ्यांनी तरीही इथेच राहावे, कारण लांबच्या स्वस्त हॉटेलात वाचवलेले पैसे टॅक्सीला जातात.

पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यात सुमारे वीस किलोमीटरचे अंतर आहे आणि मधल्या पट्ट्यात, म्हणजे मेटगुताड, गुरेघर, अवकाळी या बाजूला, प्रशस्त आवारांची रिसॉर्ट आणि भाड्याने मिळणारे बंगले आहेत. स्वतःची गाडी असेल आणि दोन कुटुंबे एकत्र जात असतील, तर एक पूर्ण बंगला घेणे दोन हॉटेलखोल्यांपेक्षा परवडू शकते. फक्त स्वयंपाकघर वापरू देतात का, जेवण करून देणारी व्यक्ती आहे का आणि तिचे पैसे वेगळे आहेत का, हे आधी विचारावे. पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ पासून ओळखले जाणारे भिलारही याच परिसरात असून तिथे घरगुती निवासाची सोय आहे. शनिवारी दुपारनंतर वेण्णा तलावापाशी वाहनांची जी रांग लागते, ती लक्षात घेता या पट्ट्यात राहणाऱ्याने महाबळेश्वरचे पॉइंट सकाळीच उरकावेत.

पाचगणीत खोली घेऊन महाबळेश्वर पाहणे हा अनेकांचा नेहमीचा मार्ग आहे आणि तो चांगला आहे. त्याहून खाली उतरायचे तर वाई. पसरणी घाटाने पाचगणी वाईपासून जेमतेम बारा-तेरा किलोमीटर आहे. ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट आणि मेणवली यांच्यासाठी वाईत एक दिवस तसाही हवा असतो आणि राहण्याचे दर वरच्या गावांच्या तुलनेत पुष्कळ कमी असतात. हवा मात्र डोंगरावरची मिळत नाही, आणि थंड हवेसाठीच निघालेल्या माणसाला मे महिन्यात वाईत ठेवणे हे कितीही स्वस्त असले तरी शहाणपणाचे नाही. तापोळ्याकडे, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, कृषी पर्यटन केंद्रे आणि घरगुती निवास आहेत. तिथे दर बहुधा माणशी आणि जेवणासह सांगतात, त्यामुळे चौघांचे गणित खोलीच्या दराशी थेट ताडून पाहू नये. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे महाबळेश्वरातील निवासही यादीत ठेवावे. त्याचे आरक्षण महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे.

तिसरी पायरी : दर म्हणजे नेमके काय

इथे नवखा माणूस हमखास फसतो, आणि फसवणारा कोणी नसतानाही फसतो. हॉटेलच्या भाषेत दराच्या मागे दोन-तीन अक्षरे लागतात. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणे. महाबळेश्वरात हंगामात पुष्कळ हॉटेले फक्त एपीवरच खोली देतात, आणि हे जेवण अनेक ठिकाणी शुद्ध शाकाहारी, गुजराती वळणाचे असते; ज्यांना रात्री कोंबडीचा रस्सा हवा आहे त्यांनी ही चौकशी आधी करावी.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा असे चौघे दोन रात्रींसाठी जात आहेत. पहिल्या हॉटेलने फक्त खोलीचे ३,८०० सांगितले, म्हणजे ५ टक्के करासह दोन रात्रींचे ७,९८०. मुलाच्या जादा गादीचे रोज ८०० लागले, ते करासह दोन दिवसांचे १,६८० झाले. नाश्ता ५००, दुपारचे जेवण ७०० आणि रात्रीचे १,००० धरले तर बाहेरचे खाणे दोन दिवसांत ४,४००. एकूण १४,०६०. दुसऱ्या हॉटेलने दोन्ही मुले धरून एपीचा दर ६,२०० सांगितला. करासह दोन रात्रींचे १३,०२०. आकडा पहिल्यापेक्षा कमी दिसतो. पण दुपारी आपण प्रतापगडावर किंवा एखाद्या पॉइंटवर असतो, हॉटेलात परतत नाही, बाहेर १,४०० रुपये मोडतो आणि हिशेब १४,४२० वर जातो. याच हॉटेलला एमएपीचा दर विचारला असता तो ५,६०० निघाला, म्हणजे करासह ११,७६०, आणि दुपारचे बाहेरचे जेवण धरून १३,१६०. ऑनलाइन आरक्षणाच्या पोर्टलवर सर्वांत स्वस्त दिसत होते ते ३,८०० चे हॉटेल, आणि सर्वांत कमी खर्च आला तो ५,६०० मध्ये. हा कागद लिहायला दहा मिनिटेही लागत नाहीत, तरी तो फारसे कोणी लिहीत नाही.

कराचाही नियम माहीत असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, पूर्वी तो १२ टक्के होता. त्याहून महाग खोलीवर मात्र १८ टक्के लागतो. त्यामुळे ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते आणि ७,७०० ची खोली ९,०८६ ला. दोनशे रुपयांच्या फरकासाठी बाराशेहून अधिक रुपये जातात, म्हणून या सीमेच्या आसपासचा दर असेल तर तो सीमेच्या आत आणता येईल का, असे मोकळेपणाने विचारावे. व्यवस्थापकांनाही हे गणित ठाऊक असते. तसेच एखादे हॉटेल अजूनही १२ टक्के लावून आकडा सांगत असेल, तर तिथेच थांबवून विचारावे.

चौथी पायरी : आधी पोर्टल, मग फोन

मेकमायट्रिप, गोआयबीबो, बुकिंग डॉट कॉम, अगोडा यांपैकी किमान दोन ठिकाणी एकाच खोलीचा दर पाहावा आणि तो यादीतला नव्हे, तर पैसे भरण्याच्या आधीच्या शेवटच्या पानावरचा असावा, कारण कर आणि सेवाशुल्क तिथेच उघड होतात. खोलीच्या प्रकाराचे नेमके नाव आणि आरक्षण रद्द करण्याची शेवटची तारीख लिहून घ्यावी. अभिप्राय वाचताना सरासरी तारे पाहून थांबू नये, तर जुलै-ऑगस्टमध्ये राहून गेलेल्यांचे म्हणणे शोधून वाचावे. भिंतींना येणारी ओल, वीज गेल्यावर जनरेटर चालतो की नाही आणि आंघोळीला गरम पाणी किती वाजेपर्यंत येते, या तीन गोष्टी पावसाळ्यातल्या पाहुण्यांनीच लिहिलेल्या असतात.

यानंतर हॉटेलला थेट फोन करावा. पोर्टल हॉटेलकडून दलाली घेते आणि ती वाचत असेल तर तिच्यातला थोडा वाटा तुम्हाला द्यायला हॉटेलवाला बहुधा तयार असतो. पोर्टलपेक्षा कमी दर इतरत्र देऊ नये, अशा अटी पूर्वी करारांत असत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबीबोला दंड करताना अशा अटी काढून टाकण्याचा आदेश दिला होता. फोनची वेळ दुपारी दोन ते चार ठेवावी. सकाळी खोल्या सोडणाऱ्यांची गर्दी असते आणि संध्याकाळी येणाऱ्यांची; दुपारी व्यवस्थापक जेवून काउंटरवर बसलेला असतो आणि दोन वाक्ये जास्त बोलतो.

माझा फोन साधारण असा असतो. "नमस्कार, साताऱ्याहून बोलतोय. येत्या मंगळवार-बुधवार दोन रात्री, दोन मोठी माणसं, दोन मुलं, तेरा आणि सात वर्षांची. डिलक्स खोली एमएपीवर कर धरून एकूण किती होईल?" पलीकडून आकडा आला की लगेच "कमी करा" म्हणायचे नाही. "ऑनलाइन हीच खोली मला अमुक रुपयांना दिसतेय, पण मी थेट तुमच्याकडेच घ्यायला तयार आहे. काय करता येईल, सांगा." एवढे बोलून गप्प बसायचे. पुष्कळदा व्यवस्थापक म्हणतो, "साहेब, दर तोच राहू द्या, पण गादीचे पैसे घेत नाही." हा सौदा आनंदाने स्वीकारावा. दर खाली आणायला त्याला मालकाला विचारावे लागते. गादी, मुलीचा नाश्ता किंवा दोन तास आधी खोली देणे हे त्याच्या स्वतःच्या हातात असते. खोली ताब्यात मिळण्याची आणि सोडण्याची वेळ इथेच विचारावी. काही ठिकाणी सकाळी नऊ-दहालाच खोली सोडावी लागते, आणि दुपारी एकला मिळालेली खोली सकाळी नऊला सोडायची म्हणजे पूर्ण दिवसाच्या पैशांत वीस तास.

पाचवी पायरी : पैसे पाठवताना

हॉटेलच्या नावाने खोटे संकेतस्थळ उभारून, किंवा नकाशावरच्या नोंदीत आपला मोबाइल क्रमांक घालून आगाऊ रक्कम लाटण्याचे प्रकार पर्यटनस्थळी घडतात. म्हणून मोबाइल क्रमांक एकाच ठिकाणावरून उचलू नये. तो पोर्टलवर, हॉटेलच्या स्वतःच्या पानावर आणि शक्य असल्यास हॉटेलच्या लँडलाइनवर फोन करून पडताळावा. "आत्ताच पूर्ण पैसे भरा, नाहीतर खोली जाईल," असा आग्रह झाला तर फोन ठेवावा. तारखा, खोलीचा प्रकार, माणसांची संख्या, जेवणाची योजना, करासह एकूण रक्कम आणि रद्द केल्यास परताव्याचा नियम, हे सारे हॉटेलच्या नावाच्या कागदावर, जीएसटी क्रमांकासह, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवावे. आगाऊ रक्कम पाव ते निम्म्यापर्यंतच द्यावी आणि ती हॉटेलच्या नावाच्या खात्यात जाते आहे ना, हे यूपीआयवर दिसणाऱ्या नावावरून पाहावे. परतावा घ्यायला पिन कधीही टाकावा लागत नाही. गडबड झालीच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवले तरच ते अडकवता येण्याची आशा असते.

सहावी पायरी : तिथे पोहोचल्यावर

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एक फोन करून आरक्षण पक्के आहे ना, हे विचारावे. गावात शिरताना नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो. तो खोलीच्या दरात नसतो. वाटेत मोटारसायकलवरून गाडीशेजारी येऊन "साहेब, खोली दाखवू का?" असे विचारणारे भेटतील. आरक्षण नसेल आणि आडवाराची दुपार असेल तर त्यांच्यामागून जायला हरकत नाही, फक्त त्यांची दलाली तुमच्याच बिलात येणार आहे हे ध्यानात ठेवावे. मी त्यांनी दाखवलेल्या हॉटेलचे नाव लक्षात ठेवतो, चहा पिऊन येतो आणि एकटाच काउंटरवर जातो.

सामान वर नेण्याआधी खोली पाहावी. दार बंद करून एक मिनिट नुसते उभे राहावे, म्हणजे कुबट वास असेल तर कळतो. खिडकीखालच्या भिंतीला हात लावावा, गरम पाण्याचा नळ सोडावा, आणि पटले नाही तर त्याच वेळी दुसरी खोली मागावी. एकदा पिशव्या उघडल्या की आपलाच आवाज खाली येतो. ओळखपत्र म्हणून आधारची पूर्ण प्रत देण्याऐवजी फक्त शेवटचे चार अंक दिसणारी मास्क्ड प्रत द्यावी.

निघताना बिल ओळ न् ओळ वाचावे. जेवणाच्या बिलात आपोआप सेवाशुल्क जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते ग्राह्य धरले. ते लावलेले दिसले तर काढायला सांगावे, आणि ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक १९१५ आहे. बहुतेक वेळा क्रमांक उच्चारण्याचीही गरज पडत नाही. सर्व नीट झाले असेल तर व्यवस्थापकाचा स्वतःचा क्रमांक मागून घ्यावा, त्यापुढे हॉटेलचे नाव, खोलीचा क्रमांक, दिलेला दर आणि महिना लिहून ठेवावा. पुढच्या वेळी पोर्टल उघडण्याआधी त्यालाच फोन करायचा आणि सांगायचे, "मागच्या फेब्रुवारीत दोनशे चार नंबरला होतो, सातारकर."